घरच्या घरी स्की दाबायची हवेची प्रेस: चौकट, होज आणि वीस मिलिमीटरचं अंतर

म्युनिकला राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्याची स्की गार्मिशच्या उतारावर मोडली. ती त्याच्याकडून मागून आणली आणि गॅरेजमध्ये करवतीने आडवी कापली. आत काय असेल याची मला कल्पना नव्हती. खाली पॉलिथिलीनचा काळा तळ, त्याच्या दोन्ही कडांना स्टीलची बारीक धार, वर ग्लासफायबरचं कापड, मग लाकडाचा गाभा, पुन्हा ग्लासफायबर आणि सगळ्यात वर रंगीत प्लास्टिकचा पत्रा. मध्यावर जाडी जेमतेम चौदा मिलिमीटर. एवढे थर, आणि सगळे एका इपॉक्सीच्या, म्हणजे घट्ट होत जाणाऱ्या चिकट रेझिनच्या, जिवावर एकत्र धरलेले.

ही सँडविचची रचना विमानातून आली. बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन विमान कंपनीतले अभियंते हॉवर्ड हेड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम आणि प्लायवूडचे थर चिकटवून स्की करायला घेतल्या. सुरुवातीच्या जोड्या बर्फावर मोडल्या, तरी ते मागे हटले नाहीत आणि १९५० मध्ये त्यांची 'हेड स्टँडर्ड' बाजारात आली. आज हौशी माणूस गॅरेजात स्की बनवतो तेव्हा लाकूड, कापड, रेझिन सगळं विकत मिळतं. मिळत नाही ती प्रेस. ती स्वतःच बांधावी लागते, आणि नवखा माणूस अडतो तो तिथेच.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. हवेच्या प्रेसमध्ये लोखंडी चौकटीत अडकवलेली होज, म्हणजे अग्निशामक दलाची कापडी नळी, हवेने फुगते आणि स्कीचे थर साच्यावर दाबते. दाब देणं सोपं असतं, ते काम कॉम्प्रेसर करतो. तुमचं काम म्हणजे होजला फुगायला जागाच न ठेवणं. चौकट ताठ हवी आणि होजच्या वाट्याला येणारं अंतर कमी हवं. ही दोन कामं नीट झाली की प्रेस झाली.

हवाच का?

इपॉक्सी वाळेपर्यंत सगळे थर साच्याच्या वळणावर सारखे बसून राहायला हवेत. क्लॅम्प लावले तर क्लॅम्पखाली दाब आणि मधे पोकळ. व्हॅक्यूम बॅगेत, म्हणजे हवा उपसून काढलेल्या पिशवीत, दाब सारखा पडतो, पण वातावरणाचा दाब एक बार, त्याच्यावर बॅग जाऊ शकत नाही. बऱ्याच हलक्या स्की तशाही बनतात. पण टोकाच्या वळणावर स्टीलची धार आणि जाड गाभा साच्याला चिकटून बसवायचा तर तीन बार हाताशी असलेले बरे. अग्निशामक दलाची होज हवेने भरली की ती वाकड्यातिकड्या पृष्ठभागावरही प्रत्येक ठिकाणी तेवढाच दाब देते. हायड्रॉलिक जॅकला हे जमत नाही.

तीन बारच्या वर जायचा मोह आवरा. जास्त दाबाने रेझिन पिळून बाहेर येतं आणि कापड कोरडं राहतं. अशी स्की दिसायला छान दिसते आणि दुसऱ्या हिवाळ्यात थर सोडते.

कागदावरचा हिशेब

जर्मनीत अग्निशामक दलाची 'बी' मापाची होज ७५ मिलिमीटर व्यासाची असते. गावोगावच्या स्वयंसेवी दलांकडे चाचणीतून बाद झालेल्या होज असतात, विचारलं तर देतात. मात्र बाद कशामुळे झाली ते विचारून घ्या. कपलिंगपाशी, म्हणजे टोकाच्या जोडणीपाशी, गळत असेल तर चालेल, मध्ये कुठे घासून विणकाम उघडं पडलं असेल तर नको. कापडावर चालू दाबाचा आकडा छापलेला असतो, तो आपल्या तीन बारच्या कितीतरी वर असतो.

ही होज दोन पाट्यांमध्ये दाबली की ती चपटी होते. पाट्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकी होज रुंद टेकते. सूत्र सोपं आहे: व्यासातून अंतर वजा करा आणि १.५७ ने गुणा. अंतर २० मिलिमीटर असेल तर (७५ − २०) × १.५७, म्हणजे ८६ मिलिमीटर. दोन होज शेजारी शेजारी ठेवल्या की १७२. स्कीचं टोक साधारण १३० मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे एका वेळी एक स्की आरामात दाबली जाते.

आता अंतर ५० मिलिमीटर धरा. टेकणारी रुंदी ३९ वर येते, म्हणजे जोर निम्म्याहून कमी. आणि होजच्या आतली जागा जवळपास दुप्पट होते, म्हणजे साठलेली हवाही दुप्पट. काम निम्मं, धोका दुप्पट. म्हणून मी अंतरावर इतका अडून बसतो.

जोर किती? तीन बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.३ न्यूटन. १७२ मिलिमीटर रुंदी आणि दोन मीटर लांबी धरली तर १,०३,००० न्यूटन, सुमारे साडेदहा टन. हा जोर वरची बाजू आणि खालची बाजू एकमेकींपासून फाडायला बघतो. जमिनीवर त्याचा काहीच भार येत नाही, सगळा चौकटीच्या पोटातच फिरतो.

चौकट

दोन लांबलचक आय-बीम फक्त टोकांना जोडले तर मध्ये ते धनुष्यासारखे वाकतात. ते टाळायचं तर प्रचंड जाड बीम लागतात. त्यापेक्षा दर ४०० मिलिमीटरला एक बंद कडं घालावं. दोन मीटरला सहा कडी. प्रत्येक कड्यावर साधारण दोन टन येतात.

एका कड्यात वर दोन आणि खाली दोन चॅनल (इंग्रजी सी आकाराचे लोखंडी बार), प्रत्येकी ४०० मिलिमीटर लांब, पाठीला पाठ लावून आणि मध्ये १८ मिलिमीटरची फट ठेवून. त्या फटीतून दोन्ही टोकांना १६ मिलिमीटरचे आट्याचे रॉड उभे जातात, एकमेकांपासून ३०० मिलिमीटरवर. चॅनलला भोक पाडायची गरजच उरत नाही. युरोपातला यूपीएन ८० चॅनल यासाठी पुरतो: सगळा जोर बरोबर मध्यावर आला असं धरलं तरी जोडीवरचा ताण ३० मेगापास्कलच्या आत राहतो आणि वाकणं ०.०३ मिलिमीटरहून कमी. साधं स्टील २३५ पर्यंत टिकतं. एवढी सवलत कशाला, असं वाटेल. चौकट तुटायची भीती नाहीच, पण ती वाकता कामा नये, म्हणून ही सवलत. भारतात, समजा मनालीकडे कुणी हे करत असेल, तर आयएसएमसी ७५ चा चॅनलही चालेल.

रॉड ८.८ ग्रेडचा घ्या आणि त्याला कुठेही वेल्डिंगचा टाका लावू नका, उष्णतेने त्याची ताकद जाते. चॅनल आणि नट यांच्यामध्ये ६० × ६० × १२ ची पट्टी वॉशर म्हणून घाला, आतल्या बाजूलाही घाला. वर-खाली दुहेरी नट. वरच्या आणि खालच्या चॅनलमधलं अंतर सगळीकडे सारखं राहावं म्हणून प्रत्येक रॉडवर पाऊण इंची पाईपचा तुकडा सरकवा. हे बाराही तुकडे एकाच वेळी, एकाच स्टॉपवर कापायचे. दोन तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला तर कानस मारून तो घालवा. नट घट्ट आवळला की पाईप दाबला जातो, रॉड ताणला जातो आणि कडं एकजीव होतं.

कड्यांच्या आत लांबीला ८० × ४० × ४ चे चौकोनी पाईप उभे ठेवायचे, खाली चार, वर चार, मध्ये दहा-दहा मिलिमीटर सोडून. दोन कड्यांच्या मधल्या ४०० मिलिमीटरमध्ये ते ०.०५ मिलिमीटरही वाकत नाहीत. सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलो लोखंड होतं. माझ्या गॅरेजात ते दोघांनी मिळून, एकेक कडं करत उभं केलं.

माझ्या वडिलांचं इचलकरंजीला फॅब्रिकेशनचं छोटं शेड होतं. तिथे एक नियम होता: आधी लेव्हल, मग टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके), मग पुन्हा लेव्हल, मगच पूर्ण वेल्डिंग. फोनवर चौकटीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, "दोरी मारलीस का?" खालच्या पाईपांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाईनदोरी ताणा, दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरच्या चकत्या ठेवा आणि मध्ये तिसरी चकती सरकवत न्या. जिथे ती अडकेल तिथे लोखंड वर आलंय, जिथे फट दिसेल तिथे खाली गेलंय. पातळ पत्रे घालून ते सारखं करा. पाणसळीने इतकं बारीक कळत नाही. मग आडवी पाणसळ दोन्ही टोकांना लावून चौकट पिळलेली नाही ना, तेवढं बघा. पिळलेल्या प्रेसमधून पिळलेलीच स्की निघते, आणि ती पुन्हा कधी सरळ होत नाही.

साचा

खालचा साचा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा. १८ मिलिमीटरचे अकरा थर उभे चिकटवले की १९८ मिलिमीटर रुंदी मिळते. आधी सहा मिलिमीटरच्या एमडीएफवर एकच फर्मा काढा. लवचीक लाकडी पट्टी खिळ्यांमध्ये वाकवून मधला उचल (सपाट जमिनीवर ठेवलेल्या स्कीच्या मध्याखाली राहणारी उंची) आणि टोकाचं वळण आखायचं. मधला उचल पाच ते आठ मिलिमीटर ठेवला तर पहिल्या जोडीला बरा पडतो. फर्मा कानशीने आणि सँडपेपरने इतका गुळगुळीत करा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठे अडखळू नये. मग राऊटरला बेअरिंगचा बिट लावून बाकीचे तुकडे त्याच्यावरून काढा.

वरचा साचा याच वळणाचा, पण मध्ये स्की, हीटर, पत्रे आणि होज यांची जागा धरून वर उचललेला. स्की मध्यावर चौदा मिलिमीटर जाड आणि टोकाला पाच-सहा, म्हणून होजच्या वाट्याला मध्यावर २० मिलिमीटर आलं तर टोकाशी २९ येतं. तिथे दोन होज मिळून १४४ मिलिमीटर टेकतात, स्कीचं टोक १३०. भागतं. मध्यावर ३५ ठेवलं असतं तर टोकं उघडी पडली असती. वरचा साचा कापायच्या आधी हे आकडे तुमच्या स्कीसाठी पुन्हा मांडा.

होज

होज साच्यापेक्षा दोन्हीकडे शंभर-शंभर मिलिमीटर लांब कापा. मूळचं कपलिंग तसंच ठेवून त्याला झाकण लावावं असा विचार येतोच, कारण काम वाचतं. पण मग ते टोक चौकटीबाहेर गोल फुगतं आणि झाकणावर तीन बारला १३५ किलोचा जोर येतो. ते सुटलं तर तोफगोळाच. टोक चपटं बंद केलं आणि फुगण्याआधीच पकडलं तर हाच जोर निम्म्यावर येतो.

चपटं बंद करायचं असं: होजचं टोक ५० मिलिमीटर दुमडा, आत आणि दुमडीत सीलंट भरा, वर-खाली रबराची पट्टी ठेवा आणि १२ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून १२ मिलिमीटरच्या बोल्टांनी आवळा. एक बोल्ट होजच्या मधोमध आरपार घाला, दोन कडांबाहेर. नुसते कडांबाहेरचे बोल्ट आवळले तर पट्टी मध्ये सुटते आणि तिथूनच गळती सुरू होते. पट्टीच्या धारा ग्राइंडरने गोल करून घ्या, नाहीतर त्याच होज कापतील. हवा आत जायला टोकापाशी पाव इंची पितळी निपल, आत-बाहेर रबरी वॉशर आणि चकती लावून. हे निपल दुसरं टोक बंद करायच्या आधी बसवायचं, नंतर हात आत जात नाही.

होज आणि स्की यांच्यामध्ये रणगाड्याच्या पट्ट्यासारखा एक पट्टा लागतो. १२ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप, १८० मिलिमीटरचे सुमारे दीडशे तुकडे, दोन्ही टोकांना भोकं पाडून तारेत ओवलेले. लांबीला तो साच्याच्या वळणावर लोळतो, रुंदीला ताठ राहतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. पट्टा नसेल तर होजचा गोलवा स्कीच्या माथ्यावर उमटतो.

हवा, आणि आधी पाणी

कॉम्प्रेसर कुठलाही चालेल, दोन्ही होज मिळून नऊ लिटरसुद्धा होत नाहीत. महत्त्वाचा आहे रेग्युलेटर. तो जास्तीचा दाब स्वतः सोडून देणारा हवा. कारण साचा तापला की होजमधली हवाही तापते: २० अंशांवर भरलेली हवा ६० अंशांवर गेली तर गेजवरचा तीन बार साडेतीनवर जातो. त्याच्या पुढे चार बारला उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, एक गेज आणि हवा सोडायचा बॉल व्हॉल्व्ह. हे सगळं चौकटीपासून तीन मीटर लांब, भिंतीआड.

हवा भरायच्या आधी प्रेस पाण्याने तपासायची. यात सवलत नाही. नऊ लिटर हवा तीन बारला दाबली की तिच्यात साठणारी ऊर्जा म्हणजे २५ किलोचं पोतं तिसऱ्या मजल्यावरून खाली येणं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून त्यात जवळपास काहीच साठत नाही. साचे काढून घ्या, एमडीएफ भिजली की फुगते. त्यांच्या जागी सागवान नको, साधे लाकडी ठोकळे भरा, पण होजचं अंतर तेच २० मिलिमीटर ठेवा. होज पाण्याने भरा, निपल वर धरून सगळी हवा काढा आणि प्लंबरच्या हातपंपाने सहा बारपर्यंत न्या. दहा मिनिटं थांबा. काटा खाली येता कामा नये.

माझ्या पहिल्या चाचणीत पावणेपाच बारला एका पट्टीतून होज सरकली. फस्स आवाज झाला, माझ्या पायजम्यावर आणि फरशीवर पाणी आलं, संपलं. आरपार बोल्ट मी तेव्हा घातलेला नव्हता. त्याच जागी हवा असती तर ती लोखंडी पट्टी कुठे गेली असती, हे आजही आठवतं. पाण्याचा दाब असतानाच चौकटीची अंतरं कॅलिपरने पुन्हा मोजा. मोकळी असताना आणि दाबाखाली, दोन्ही आकडे एका कागदावर लिहून गॅरेजात लावा.

उष्णता

इपॉक्सीच्या डब्यावर लिहिलेलं तापमान पाळा, स्कीसाठीची पुष्कळशी रेझिन ८० अंशांच्या आसपास वाळवतात. दोन सिलिकॉन हीटर मॅट लागतात, एक स्कीच्या वर, एक खाली, दोन्हींना ॲल्युमिनियमचा पत्रा. २०० × २५ सेंटिमीटरची मॅट दर चौरस सेंटिमीटरला ०.३ वॅट धरली तर दीड किलोवॅट होते, दोन मिळून तीन. २३० व्होल्टला १३ ॲम्पियर. तेव्हा कॉम्प्रेसर दुसऱ्या लाईनवर लावा. चौकट आणि पत्रे अर्थ केलेले हवेत, पुढे आरसीडी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक मॅटला वेगळा सेन्सर. दोन्ही मॅट सारख्या तापवा. पॉलिथिलीनचा तळ उष्णतेने स्टीलच्या दसपटीहून जास्त पसरतो, त्यामुळे वर-खाली तापमान वेगळं राहिलं तर गार झाल्यावर मधला उचल बदललेला सापडतो.

कार्बन पेपर

रेझिन उघडायच्या आधी एक कोरडी फेरी. साच्यावर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर, वर पत्रा, पट्टा, होज. एक बार भरा, सोडा, उघडा. कागद सगळीकडे सारखा करडा दिसायला हवा. माझ्या कागदावर मध्यापासून वीतभर अंतरावर एक काळी रेघ आणि तिच्या शेजारी कोरा पट्टा आला होता: एमडीएफचा एक थर चिकटवताना अर्धा मिलिमीटर वर सरकला होता. बोटाला तो कळला नव्हता. सँडपेपरने उतरवला आणि तिसऱ्या कागदावर रेघ गेली. हा कागद मी पाहिला नसता तर ती रेघ स्कीच्या तळावर कायमची बसली असती.

आता स्की. हातमोजे घाला, इपॉक्सी कातडीला लागत राहिलं की ॲलर्जी जडते आणि ती जात नाही. थर रचून झाले की स्कीच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या लाकडी पट्ट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून भरा. तिथे स्की ९० मिलिमीटरच असते आणि पट्टा १८०, रिकामी जागा राहिली तर सगळा जोर स्कीच्या कडांवर येतो. हवा सावकाश भरा: एक बारला पाच मिनिटं थांबा, स्की सरकलेली नाही ना ते लांबून टॉर्चने बघा, मग दोन, मग तीन. हीटर त्यानंतरच चालू. दाब असताना चौकटीच्या टोकासमोर कुणीही उभं राहायचं नाही, आणि नटाला पाना लावायचा नाही.

वेळ पूर्ण झाली की हीटर बंद करा, पण हवा तशीच ठेवा. सेन्सर ४० अंशांखाली येईपर्यंत दोन-तीन तास जातात. मग बॉल व्हॉल्व्ह उघडा, गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा, होज हाताने दाबून पाहा, आणि त्यानंतर बाजूने स्की ओढून बाहेर काढा.